रेबेकाबाईंनी पास केलेले कंप्युटर

रोह्यात टायपिंग शिकायचं तर बाजारपेठेतल्या किराणा दुकानाच्या माडीवर जावं लागे. तिथे रेबेका अष्टमकर यांचा क्लास होता. कुंडलिकेपलीकडच्या अष्टमीहून बाई सकाळी पूल ओलांडून चालत यायच्या, खिडक्या उघडायच्या, आणि थोड्याच वेळात खालच्या दुकानदाराच्या डोक्यावर टकटकाट सुरू व्हायचा. शनिवार तेवढा शांत. बाई बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, त्यामुळे शनिवारी घरी चूलसुद्धा पेटत नसे, मग मशीनला हात लावणं दूरच. दुकानदार म्हणायचा, "शनवारी मला माझ्याच गिऱ्हाइकाचं बोलणं नीट ऐकू येतं."

बाईंचं लग्न झालं नव्हतं. भाऊ डेव्हिड फार पूर्वी बायकामुलांना घेऊन इस्रायलला गेला. तो दर सणाला फोन करायचा आणि दर फोनवर तेच विचारायचा, "तू कधी येतेस?" आई होती तोवर आईचं कारण होतं. आई गेल्यावर बाई म्हणायला लागल्या, "माझी पोरं परीक्षेला बसलीत रे." आणि ते खोटं नव्हतं. कोणत्या ना कोणत्या पोराची परीक्षा कायम तोंडावर असायचीच. तहसीलदार कचेरीत, कोर्टात, एस.टी. डेपोत, जिथे टाइपरायटर होता तिथे बाईंचा एखादा विद्यार्थी बसलेला असे, आणि बाई आत शिरल्या की तो उठून उभा राही.

अशा विद्यार्थ्यांत एक हितेश मोकल. पेणजवळच्या जिते गावचा. त्याची आई बायजाबाई मिठागरावर कामाला जायची. रेल्वे रोह्यापर्यंत नुकतीच आली होती, त्या गाडीने ती पोराला घेऊन आली आणि माडीच्या दारातच उभी राहून म्हणाली, "बाय, पोरगा डोक्यानं बरा हाय. पन मिठात नको त्याला. माजे पाय बघा." बाईंनी पाय बघितले नाहीत, पोराची बोटं बघितली. लांब होती, आणि स्थिर. हितेश दोन वर्षं येत राहिला. त्याने मराठी-इंग्रजी दोन्ही परीक्षा पहिल्या वर्गात काढल्या. बायजाबाई मधूनमधून खडेमिठाची पिशवी आणून ठेवायची, कारण बाईंना त्यांच्या धर्माच्या रिवाजाप्रमाणे मटणातलं रक्त काढायला ते मिठात घालून ठेवावं लागतं आणि त्याला तसलंच मीठ लागतं हे तिला कुठूनसं कळलं होतं. पुढे हितेशने इलेक्ट्रॉनिक्सचा कोर्स केला, डोलवीच्या कंपनीत कंत्राटदाराकडे कंप्युटर दुरुस्तीच्या कामाला लागला, आणि मग ते सोडून पेणला रामवाडीत स्वतःचा गाळा घेतला. गाळ्याच्या भिंतीला लागूनच गणपतीच्या मूर्तींचा कारखाना होता. त्याच्याकडे घटकाभर बसून उठलं की साडीवर शाडूची पांढुरकी पूड बसलेली असायची. ती झटकत बाई म्हणायच्या, "तुझा गणपती मला प्रसाद दिल्याशिवाय सोडत नाही."

पंचाण्णव साल उजाडलं तशी माडी हलकी वाटायला लागली. नवीन मुलं नाव घालायला यायची आणि आधी विचारायची, "बाई, कंप्युटर पण शिकवता का?" नाही म्हटलं की "विचारून सांगतो" म्हणून जायची, ती परत यायची नाहीत. बाईंनी हितेशला गाठलं.

"नवीन परवडणार नाही मला," त्या म्हणाल्या. "जुन्यातलं बघायचंय. पण मला त्यातलं काही कळत नाही."

"तुमी मला अक्षरं दाखवलीत ना? मी तुमाला मशीन दाखवतो," हितेश म्हणाला. "जुना माल वाईट नसतो, बाई. मुंबईत बँका, हापिसं नवीन घेतात, जुने लॉटमधी काढतात. ते दुरुस्त करून विकतात, त्याला रिकंडिशन म्हणतात. दहातले दोन सोनं असतात, आठ भंगार. दोन ओळखता आले पायजेत."

तो त्यांना मुंबईला घेऊन गेला. अख्खा दिवस दोघं एका जिन्यावरून उतरून दुसऱ्या जिन्यावर चढत होती. प्रत्येक दुकानात दुकानदार पडदा चालू करून दाखवायचा आणि हितेश तो बंद करायला लावायचा. आधी झाकण उघडा म्हणायचा. मग बाईंना हळूच सांगायचा. स्क्रूची डोकी बघा. खाचा झिजलेल्या, रंग उडालेला, म्हणजे हे दहा वेळा उघडलंय. नाक आत घाला, जळका वास येतो का? आणि धूळ बघा बाई, धूळ. हापिसातलं मशीन चार वर्षं चालतं तर आत धूळ असणारच. ज्याच्या आत धूळच नाय ते धुऊन पुसून आणलंय, आणि जे पुसलंय त्याच्यात काय तरी लपवलंय. पडद्यावर, बंद असताना, पुसट अक्षरं उमटलेली दिसतात का ते तिरक्या नजरेने बघायचं. चालू करताना पहिल्या पाटीवर जे आकडे झरझर जातात ते वाचायचे, कारण मशीन स्वतःबद्दल काय बोलतं ते तिथेच कळतं. डिस्कला कान लावायचा, खडखडते का ऐकायचं. आणि सगळं बरं वाटलं तर शेवटी विकणाऱ्याला विचारायचं, हे तू का विकतोयस?

एका ठिकाणी बाईंना मशीन आवडलं. पांढरंशुभ्र, स्वस्त. पिशवीची चेनसुद्धा उघडली होती त्यांनी. हितेशने त्यांच्या मनगटाला हात लावला. "नको. आत आरशासारखं लखलखीत हाय." दुकानदार चिडला. दोघं बाहेर आली तेव्हा बाईंना हसू आवरेना. संध्याकाळ होता होता एक मळकट, पिवळा पडलेला कंप्युटर सापडला. आत मावेल तेवढी धूळ. हितेश म्हणाला, "हे घ्या." तो कंप्युटर पुढे कितीतरी वर्षं एकदाही बिघडला नाही.

बाईंना त्या विद्येची गोडीच लागली. रविवारी त्या रामवाडीला जायच्या, हितेशच्या शेजारी बसून उघडी मशीनं बघायच्या. प्रोसेसर म्हणजे कुठला, मेमरी कुठली, बोर्डावरच्या इवल्याशा काळ्या टोप्या, ज्यांना जम्पर म्हणतात, त्या हलवून वेग कसा कमीजास्त करतात, सगळं त्यांनी हाताने शिकून घेतलं. मग रोह्यातली माणसं त्यांना विचारायला लागली. आधी एका पतपेढीचे सचिव आले. मुंबईचा कोणी व्यापारी चार कंप्युटर स्वस्तात देतोय, बघता का? बाईंनी बघितले, पडदा तिरका धरून त्यावर कुठल्याशा बँकेच्या हिशेबाच्या उभ्या ओळी कायमच्या जळून बसलेल्या दाखवल्या, आणि म्हणाल्या, "हे घेऊ नका." मग एक डॉक्टर आले. त्यांच्या मेहुण्यानेच दिलेलं मशीन होतं, त्यामुळे नाही म्हणायला जरा अवघड गेलं, पण बाई म्हणाल्याच. हळूहळू तालुक्यात असं झालं की जुना कंप्युटर घ्यायचा तर आधी तो रेबेकाबाईंनी पास करायला पाहिजे. टायपिंगच्या परीक्षेचा शब्द लोकांनी मशीनला लावला होता. बाईंना त्याचं मनातून फार बरं वाटे. पन्नाशी ओलांडल्यावर नवीन काहीतरी आपल्याला येतं, आणि ते आपल्याच विद्यार्थ्याने शिकवलं, ही गोष्ट डेव्हिडला फोनवर दोनदा सांगून झाली होती.

सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात रोह्याजवळच्या एका गावातल्या हायस्कूलचे मुख्याध्यापक हिरामण भोईर माडी चढून आले. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढली होती, शाळेत कंप्युटरची खोली करायची होती. नवे घ्यायचे तर तीनच आले असते. आठ पाहिजे होते.

"तुम्ही निवडून द्या, बाई," भोईर सर म्हणाले. "समितीला मी सांगितलंय, बाई हो म्हणाल्या तरच घेऊ."

बाईंनी हितेशला विचारलं. तो म्हणाला, "माझ्याकडे एक लॉट आलाय. बंदरावरच्या एका हापिसाचा. हापिस बंद पडलं. सगळे एकसारखे. पन तुमी येऊन बघा. माझा माल हाय म्हणून न बघता सोडू नका."

त्या शेवटच्या वाक्याने बाईंचं मन भरून आलं. शिकवलं तसं वागतोय, असं त्यांना वाटलं.

त्या रामवाडीला गेल्या आणि माल खरंच सोडला नाही. आठही उघडायला लावले. स्क्रूंच्या खाचा धारदार, एकही झिजलेली नाही. जळका वास नाही. आत धूळ होती, सगळीकडे सारखी, मऊ. पडदे स्वच्छ. पहिल्या पाटीवर वेग सहासष्ट लिहून येत होता, आठांवरही. डिस्कला कान लावून त्या बसल्या तेव्हा हितेश शेजारी हात बांधून उभा होता, परीक्षेच्या हॉलमध्ये उभं राहावं तसा.

"का विकतोयस?" बाईंनी शेवटी हसत विचारलं.

"दुकान चालवायचं हाय म्हणून," हितेशही हसला.

बाईंनी भोईर सरांना सांगितलं, घ्या. शाळेत नारळ फुटला, मुलांनी टाळ्या वाजवल्या, बाईंना शाल दिली. पुढच्याच आठवड्यात हितेश एक प्रिंटर घेऊन माडीवर आला. जुनाच, पण चालणारा. बाई नको नको म्हणत होत्या. "गुरुदक्षिणा हाय," तो म्हणाला, आणि वाकून पाया पडला. बाईंनी प्रिंटर ठेवून घेतला.

मार्चपर्यंत सगळं बरं चाललं. मग ऊन वाढलं. कंप्युटरची खोली पत्र्याच्या छपराखाली होती. दुपारच्या तासाला एक मशीन गोठलं, बाणही हलेना. बंद करून चालू केलं, पुन्हा गोठलं. दुसऱ्या दिवशी तीन. एप्रिलच्या परीक्षा संपेपर्यंत दुपारी एकही मशीन धड चालत नव्हतं. सकाळी मात्र सगळी शहाण्यासारखी वागायची. भोईर सरांनी हितेशला बोलावलं. तो आला, बघितलं, म्हणाला, "तुमच्या गावचं व्होल्टेज बेकार हाय, सर." दुसऱ्यांदा आला तेव्हाही तेच म्हणाला. तिसऱ्यांदा आलाच नाही. गाळ्यावर फोन केला तर उचलणारा सांगे, शेठ बाहेर गेलेत.

बाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी आधी हितेशचीच बाजू घेतली. "कामात असेल तो. मीच येऊन बघते." शाळेला सुट्टी लागली होती. भोईर सरांनी खोली उघडून दिली आणि स्वतः बाहेर व्हरांड्यात बसले. बाईंनी एक मशीन टेबलावर आडवं केलं आणि झाकण काढलं. पंखा फिरत होता. वायरी घट्ट होत्या. मशीन बंद करून प्रोसेसरवरचा पंखा काढला तर खालची चिप हाताला चटका बसेल इतकी तापलेली. तिच्यावर पंख्याखाली लावतात ते पांढरं मलम वाळून बसलं होतं. बाईंच्या पिशवीत स्पिरिट आणि कापूस कायम असे. टाइपरायटरची अक्षरं शाईने बुजली की त्या ती तशीच साफ करायच्या. सवयीने त्यांनी कापूस भिजवला आणि चिप पुसली.

कापूस राखाडी झाला. त्यांनी पुन्हा पुसलं, तर वरचा आकडाच निघून आला. सहासष्टातला एक सहा अर्धा गेला, मग दुसराही. खाली चिपचा पृष्ठभाग कानशीने घासल्यासारखा खरखरीत होता.

बाईंनी बाजूची दांडी उचलली, चिप खाचेतून बाहेर काढली आणि उलटी केली. पोटाकडच्या बाजूला, जिथे कोणी बघत नाही, तिथे मूळ छपाई शाबूत होती. पन्नास. कमी वेगाची चिप, वरचा आकडा घासून काढलेला, नवा छापलेला, आणि जम्पर सरकवून तिला झेपत नाही तेवढं पळवलेलं. ऊन वाढलं की ती दम टाकत होती. बाईंनी दुसरं मशीन उघडलं. तिसरं. पन्नास, पन्नास.

असं मुंबईच्या बाजारात होतं हे त्यांनी ऐकलं होतं. हितेशनेच सांगितलं होतं. म्हणजे तोही फसला, बिचारा, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यांना हायसंही वाटलं. त्याला सांगायला पाहिजे म्हणून त्या झाकण लावायला लागल्या, तेव्हा बोटांना लागलेली धूळ त्यांनी स्पिरिटच्या ओल्या कापसाला पुसली. ती काळी झाली नाही. पांढुरकी राहिली, आणि दोन बोटांत चोळली तर गुळगुळीत, चिकट झाली.

त्यांनी वाकून पुन्हा आत बघितलं. हापिसातली धूळ पंख्याच्या पात्यांच्या धारेवर काळी रेघ होऊन बसते, वायरींच्या सांदीत लोकरीसारखी जमते. इथे ती पीठ चाळल्यासारखी वरून पडलेली होती. पात्यांच्या धारा कोऱ्या. धुळीखालचा बोर्ड लख्ख पुसलेला. आणि ती धूळ कुठली आहे हे बाईंना कोणी सांगायला नको होतं. दर रविवारी तीच तर त्या साडीवरून झटकत होत्या.

स्क्रूंच्या धारदार खाचा त्यांना आता आठवल्या. नवे स्क्रू होते ते.

चिप खोटी करणारा कोणी बाजारातला होता. त्याला रेबेका अष्टमकर नावाची बाई जगात आहे हे माहीतही नसेल. पण धूळ बघणारं गिऱ्हाईक तालुक्यात एकच होतं. ती मूठभर शाडू तिच्यासाठी, फक्त तिच्यासाठी चाळली होती.

दुसऱ्या दिवशी त्या पेणला गेल्या. शेठ बाहेर गेले नव्हते. हितेश गाळ्यात बसून जेवत होता. बाईंना बघून त्याने डबा झाकला.

बाईंनी शाळेतून सोबत आणलेली चिप टेबलावर उलटी ठेवली. "हे तुला माहीत होतं?"

हितेश चिपेकडे बघत राहिला. "मला पन फसवला बाई. लॉट उचलला तेव्हा नवता कळला. आक्टोबरच्या उनात इथे आणून चालवले, दुपारी सगळे बंद पडले, तेव्हा उघडून बघितले. तो मुंबईवाला नंतर भेटलाच नाय. मी काय करनार होतो? सगळा पैसा त्याच्यात."

"मला सांगायचंस."

"तुमाला सांगून कोणी घेतले असते?"

"म्हणून मलाच पुढे केलंस."

शेजारच्या कारखान्यातून माती कुटण्याचा आवाज येत होता.

"चिपेचं राहू दे," बाई म्हणाल्या. "धूळ कोणी टाकली?"

हितेशने मान वर केली. आणि मग, हे बाई पुढे कधी विसरल्या नाहीत, तो थोडासा हसला. लबाड हसू नव्हतं. वर्गात चूक पकडली गेल्यावर पोरं हसतात तसलं. "दुरुस्त करायला म्हणून सगळे साफ केलेले," तो म्हणाला. "साफ मशीन तुमी घेतलं नसतं. दुसरं कोन बघतं, बाई, धूळ?"

"तूच शिकवलंस मला."

"व्हय. म्हणून तर." त्याने डबा बाजूला सारला. "ती शाळेची मशीनं होती, बाई. तुमची नवती. तुमाला मी वाईट माल कदी दिला नसता. तुमचं आजून चालतंय ना?"

त्याला हे खरंच वाटत होतं. त्याच्या हिशेबात त्याने बाईंना फसवलंच नव्हतं. बाईंना भांडायचं होतं, येताना गाडीत वाक्यं जुळवली होती, पण समोरच्या माणसाला कुठून सुरुवात करून सांगायचं हेच त्यांना कळेना. "तुझ्या आईने तुला माझ्याकडे आणून सोडलं," एवढंच त्या म्हणाल्या आणि उठल्या. उठताना पदर झटकायचाही राहिला.

परत येऊन त्यांनी भोईर सरांना सगळं सांगितलं. सर भला माणूस. त्यांनी आरडाओरडा केला नाही. पण सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, "तुम्ही बघितली होतीत ना, बाई?"

"बघितली होती."

"समितीत विचारतील," सर म्हणाले. ते खिडकीबाहेर बघत होते. "तुम्हाला... त्याच्याकडून काही मिळालं होतं का?"

बाईंच्या डोळ्यापुढे माडीवरचा प्रिंटर आला. नाही म्हणता आलं असतं. कोणी बघायला गेलं नसतं. "प्रिंटर दिला होता त्याने," त्या म्हणाल्या. "मी घेतला."

सरांनी मान हलवली. दुसऱ्याच दिवशी बाईंनी प्रिंटर रिक्षात घालून शाळेत नेऊन दिला, पण तोवर गावात जे पसरायचं ते पसरलं होतं. बाईंनीपण हात मारला असणार. फुकट कोण कोणासाठी एवढं बघतं? समितीतल्या एकाने हितेशवर पोलीस केस करायची भाषा केली. हितेशने पावतीवर लिहिलेलं काढून दाखवलं. जुना माल, बघून घेतला, तक्रार चालणार नाही. बघून कोणी घेतला, ते सगळ्यांना माहीत होतं.

मे महिन्याची सुट्टी बाईंनी शाळेच्या त्या पत्र्याखालच्या खोलीत घालवली. एकेक मशीन उघडून त्यांनी जम्परच्या टोप्या काढल्या आणि चिपेच्या खऱ्या वेगावर आणून बसवल्या. धूळ पुसून काढली. मग भर दुपारी सगळी चालू करून ठेवली आणि मधोमध स्टूल टाकून वाट बघत बसल्या. एकही गोठलं नाही. हळू चालत होती. मुलं एक बटण दाबून खिडकीबाहेर बघून घेत, तोवर पडद्यावर अक्षर उमटे. पण चालत होती, आणि पुढची दोन वर्षं त्या मुलांनी त्यावरच हात बसवला. भोईर सर आभार मानायला माडीवर आले तेव्हा बाईंनी चहा दिला आणि विषय बदलला.

डेव्हिडला त्यांनी हे सांगितलं नाही. त्या वर्षी सणाला फोन आला आणि त्याने नेहमीचं विचारलं. तो पलीकडून हॅलो हॅलो करत राहिला. शेवटी त्या म्हणाल्या, "क्लास चालू आहे अजून." पोरांचं नाव त्यांच्या तोंडून निघालं नाही.

पुढच्या वर्षी पतपेढीचे सचिव पुन्हा आले. त्यांचा बाईंवर अजून विश्वास होता, आणि गावातल्या बोलण्याकडे त्यांनी लक्ष दिलं नव्हतं. "पनवेलचा एक जण चांगला सौदा देतोय. जरा नजर टाका ना."

"मी आता बघत नाही," बाई म्हणाल्या.

"अहो, तुमच्याशिवाय कोणाला कळतंय?"

"कळतं म्हणूनच नाही बघत. मी काय काय बघते हे विकणाऱ्याला माहीत असलं, की माझं बघणं त्याच्याच कामाला येतं." सचिवांना ते कोड्यात बोलल्यासारखं वाटलं. बाईंनी मग सरळ सांगितलं, "नवे घ्या, कंपनीची वॉरंटी घ्या. चारच्या ऐवजी दोन येतील. येऊ देत." स्वतःसाठीही त्यांनी तेच केलं. क्लासला दुसरा कंप्युटर घेतला तो नवा, हप्त्याने. त्याचं झाकण त्यांनी कधी उघडलं नाही. मुंबईहून आणलेला तो जुना पिवळा अजून चालत होता, आणि तो चालतोय याचाच त्यांना अधूनमधून राग यायचा.

विद्यार्थी पेढे घेऊन यायचे, पाया पडायचे. आधी बाई डोक्यावर हात ठेवायच्या. आता पोरगं वाकलं की त्या चटकन मागे सरकायच्या. "असू दे, असू दे," म्हणायच्या. कोणाच्या मनात काही वाईट असेल असं नव्हतं. ती पोरं भलीच होती. पण पाय आपोआप मागे जायचे, त्याला त्यांचा इलाज नव्हता.

नव्याण्णवच्या पावसाळ्यानंतर कधीतरी बाई परीक्षेचे फॉर्म देऊन पेणच्या एस.टी. स्टँडवर रोह्याच्या गाडीची वाट बघत होत्या. एक पांढरी मोटार पुढे जाऊन थांबली, मागे आली. काच खाली झाली.

"बाई! रोह्याला? बसा, मी त्या बाजूलाच चाललोय."

हितेश जाड झाला होता. मागच्या सीटवर कंप्युटरचे खोके रचलेले होते, नवे, कंपनीच्या चिकटपट्टीसकट. रामवाडीचा गाळा सोडून त्याने हमरस्त्यावर मोठं दुकान टाकल्याचं बाईंच्या कानावर आलं होतं. आता नवाच माल ठेवतो, लोक म्हणत.

"गाडी येईल माझी," बाई म्हणाल्या.

"आजून राग हाय?" त्याने अगदी मोकळेपणाने विचारलं. मागून रिक्षावाला भोंगा वाजवत होता. "बाई, त्याला किती दिवस झाले. मी तर ते विसरलो पन."

"ते दिसतंय," बाई म्हणाल्या.

तो अजून काहीतरी बोलणार होता, पण मागचा भोंगा थांबेना. त्याने हात जोडले आणि मोटार पुढे घेतली. बाईंनी नजर वळवली ती रोह्याच्या पाटीकडे, आणि गाडी लागेपर्यंत तिथेच ठेवली. एस.टी.त खिडकीजवळ जागा मिळाली. कासूच्या पुढे आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की बायजाबाई कशी आहे, तिचे पाय आता बरे आहेत का, हे विचारायला तोंड उघडलं होतं आपण, अगदी पहिल्या क्षणाला, त्याने काच खाली केली तेव्हा. बरं झालं नाही विचारलं, असं त्या स्वतःशी म्हणाल्या. मग थोड्या वेळाने त्यांना तसं वाटेनासं झालं, आणि नागोठणं येईपर्यंत त्या बाहेरच्या शेतांकडे बघत बसल्या.